गावाला, म्हणजे गोराईला

जयवंत परब आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते. पण त्याचं श्रेय प्रामाणिकपणापेक्षा सरावाच्या अभावाला जास्त होतं. म्हणूनच शुक्रवारी सकाळी बोरीवलीतल्या आपल्या सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून "दोन दिवस गावाला जाऊन येतो" हे त्यांनी नको तितक्या मोठ्याने सांगितलं. खरं तर ते, त्यांच्या पत्नी विमलाबाई आणि वेफर नावाचा कुत्रा असे तिघे गोराईला निघाले होते. गोराई म्हणजे खाडीपलीकडे. परबांच्या गच्चीवरून दिसते.

वेफर मूळचा त्यांच्या मुलीचा, श्रुतिकाचा. ती तीन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी सिंगापूरला गेली आणि तेरा वर्षांचा, मागच्या पायांनी अधू झालेला वेफर आईवडिलांकडे आला. त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तिने भेट दिली ती 'शेपटी' नावाच्या सहा खोल्यांच्या आलिशान हॉटेलातल्या दोन रात्रींची. तिथे माणसांबरोबर कुत्र्यांचीही सरबराई होते, असं तिने फोनवर कौतुकाने सांगितलं. परबांना ऐकूनच घाम फुटला.

कारण परब सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि 'लिफ्टमध्ये कुत्रे नेण्यास सक्त मनाई आहे' या तळमजल्यावरच्या नोटिशीखाली गेली सहा वर्षं त्यांचीच सही होती. ती लावली तेव्हा बिल्डिंगमध्ये कुत्रा एकच होता. चौथ्या मजल्यावर परबांच्या समोरच्या दारात राहणाऱ्या वसुधाताई सामंतांचा म्हातारा जिमी. वसुधाताईंनी एकदा विनंती केली, परबांनी नियम दाखवला. पुढे दोन वर्षं त्या जिमीला उचलून जिने चढल्या, आणि मग जिमी गेला. आता परब स्वतः चौदा किलोंचा वेफर दिवसातून तीनदा उचलून चौथ्या मजल्यावर नेत होते. नाव ठेवताना श्रुतिकाने पुढचा विचार केला नसावा. विमलाबाई म्हणत, नोटीस फाडा आणि मोकळे व्हा. पण आपल्या घरी कुत्रा आला म्हणून नोटीस फाडायची, तर वसुधाताईंना तोंड कसं दाखवायचं? त्यापेक्षा कंबर मोडलेली परवडली, असं परबांचं मत होतं. आणि अशा माणसाने कुत्र्यांच्या हॉटेलात चाललोय म्हणून सांगणं तर शक्यच नव्हतं.

'गाव' या शब्दाने मात्र घात केला. कोणी कोकम सांगितलं, कोणी कुळथाचं पीठ, आणि जत्रेत मिळतं ते गुळाचं खाजं तर सगळ्यांनीच. परब हसून मान हलवत होते, तेवढ्यात वसुधाताई खाली आल्या आणि त्यांनी एक छोटा डबा पुढे केला.

"मावशीचा नवा चष्मा आहे. कुडाळला तिचा नातू स्टँडवर येऊन घेऊन जाईल. रविवारी घरात लग्न आहे, म्हातारीला नवरी तरी दिसू दे."

लिफ्टच्या त्या एका विनंतीनंतर वसुधाताईंनी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. परबांनी डबा घेतला. टॅक्सी सगळ्यांच्या देखत हायवेकडे वळली, आणि पहिल्या सिग्नलवरून त्यांनी ती खाडीच्या धक्क्याकडे फिरवायला लावली. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा पाहून घेतलं. रागावल्या की विमलाबाई मालवणीत शिरत, तशा त्या शिरल्या.

"तुमका खोटा बोलूक कोणी सांगल्यान?"

परबांनी वेफरच्या डोक्यावरून हात फिरवला.

हॉटेलात तेजल नावाच्या मुलीने स्वागत केलं. तिने आधी वेफरचं नाव लिहून घेतलं, त्याला काय आवडतं ते विचारलं, त्याच्या गळ्यात 'शेपटी, गोराई' असं छापलेला हिरवा रुमाल बांधला, आणि मग या दोघांकडे वळली. खोली वरच्या मजल्यावर होती. परबांनी सवयीने वेफरला उचललं आणि जिना गाठला.

"काका, लिफ्ट आहे ना," तेजल म्हणाली.

लिफ्टशेजारी पाटी होती: 'कुत्र्यांना प्राधान्य'. परबांचं अर्धं आयुष्य नोटिशी लिहिण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांनी ती नीट वाचली. अक्षर मोठं होतं, भाषा सभ्य होती, सही कोणाचीच नव्हती. वर जाईपर्यंत जिमीला घेऊन दुसऱ्या मजल्यावर दम खात उभ्या राहिलेल्या वसुधाताई त्यांना आठवत होत्या, आणि आपण तेव्हा 'जरा बाजूने' म्हणत पुढे गेलो होतो तेही.

जेवण झाल्यावर चष्म्याची चिंता वर आली. कुरिअर रविवारपर्यंत पोचणार नाही, असं कळलं. उपाय एकच: संध्याकाळी बोरीवलीहून कोकणात जाणाऱ्या खासगी बसच्या ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचा. परब गुपचूप एकटेच निघाले, पण ते दिसेनासे होताच वेफरने असा काही गळा काढला की बाकीच्या पाचही खोल्यांतले कुत्रे त्याला साथ देऊ लागले. विमलाबाईंनी बिस्किटं दाखवून पाहिली. शेवटी तेजलनेच फोन करून परबांना अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. मग वेफरला कडेवर घेऊन ते बोटीत बसले.

बस सुटायच्या जागी गर्दी होती. परबांनी डबा पुढे केला, आणि शेजारून पिशवी धरलेला आणखी एक हात पुढे आला. तो वसुधाताईंचा होता. मावशीचा लग्नात घालायचा ब्लाउज शिंप्याने दुपारी दिला होता. तो कुडाळला कसा पाठवायचा हे विचारायला त्या परबांना दोन तास फोन लावत होत्या. पण आपण आता घाटात, रेंजबाहेर असायला हवं, असा हिशेब करून परबांनी त्यांचे फोन उचललेच नव्हते.

वसुधाताईंनी परबांकडे पाहिलं, वेफरकडे पाहिलं आणि रुमालावरची अक्षरं सावकाश वाचली.

"लवकर आलात गावाहून."

 परबांना खोटं बोलायचा सराव नव्हता, ते असं अंगाशी आलं. "गेलोच नाही वसुधाताई," ते म्हणाले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनी हॉटेलापासून त्या पाटीपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. जवळ आल्या आणि त्यांनी परबांचा हात धरून वेफरच्या पोटाखाली सरकवला.

"मागचे पाय खालून धरा. असे लोंबकळत ठेवलेत तर कंबर दुखते त्याची, आणि तुमचीही. मला हे कळायला चार महिने लागले होते."

परबांनी पकड बदलली. ड्रायव्हरने घाई केली, चष्मा ब्लाउजच्या पिशवीत गेला आणि बस हलली. जाताना वसुधाताईंनी बजावलं, "खाजं आणायला विसरू नका, सगळे वाट बघतायत. आणि तो रुमाल काढा त्याचा."

रविवारी परतताना विमलाबाईंनी बोरीवलीच्या बाजारातून खाजं घेतलं आणि दुकानाचं नाव नसलेल्या पिशव्यांत भरलं. तळमजल्यावरच वाटप झालं. पहिल्या मजल्यावरच्या नितेशने तिथल्या तिथे तुकडा तोंडात टाकला आणि तिकडच्या खाज्याची चव इथे मिळतच नाही, असं सांगितलं. वसुधाताईंनीही मुकाट्याने आपली पिशवी घेतली. मावशीला चष्मा मिळाला होता.

लोक पांगले. विमलाबाई सामान घेऊन लिफ्टने वर गेल्या. परबांनी वेफरला खाली ठेवलं आणि ते नोटिशीसमोर उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ही जिमीसाठीच काढायला हवी होती." त्यांनी कागद फाडला. मागे भिंतीचा जुना, स्वच्छ रंग तेवढाच चौकोनी राहिला होता.

वसुधाताईंनी त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "जिमी लिफ्टला घाबरायचा, परब. आत पाऊलच टाकायचा नाही. तुम्ही हो म्हणाला असतात तरी मी जिन्यानेच गेले असते." त्यांनी खाज्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पण तुम्ही हो म्हणायला हवं होतं. जिन्यापेक्षा ते जड गेलं मला."

परबांनी मान हलवली.  तेवढ्यात लिफ्ट खाली आली आणि त्यांनी दार उघडून वेफरला हाक मारली. पण वेफर तिथे नव्हता. तीन महिन्यांच्या सवयीप्रमाणे तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन, मान वर करून, उचलून घेण्याची वाट पाहत बसला होता.

परबांनी लिफ्टचं दार लावलं आणि त्याला उचललं, मागचे पाय खालून धरून. वसुधाताईही खाज्याची पिशवी सांभाळत त्यांच्याबरोबर जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर परब दम खायला थांबले, तेव्हा वसुधाताईंनी पिशवी परबांच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे. एक मजला मी नेते."