पाहुण्यांसाठी गवत

कोणत्याही खेळाची खरी भरभराट व्हायची असेल, तर स्थानिक लोकांनी त्यात फारशी लुडबुड करू नये. हे सत्य जगाला फार उशिरा उमगलं, आणि ते सिद्ध करून दाखवण्याचा मान अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराकडे जातो. (अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो हाताने खेळतात. पायाने खेळतात त्याला सॉकर म्हणतात. यावर तिथे वाद घालू नये, माणसं चांगली आहेत.)

टोलेडोत 'टोलेडो फर्नेस' नावाचा व्यावसायिक सॉकर क्लब आहे आणि एमेट सोबचाक हा त्याचा कप्तान. बारा वर्षं तो एकाच क्लबच्या बचावफळीत उभा होता. गावात त्याला सगळे ओळखत, म्हणजे त्याच्या सासऱ्याच्या टायरच्या दुकानामुळे ओळखत. "तू तो टायरवाल्यांचा जावई ना? सध्या काय करतोस?" असं लोक आपुलकीने विचारत, आणि एमेट तितक्याच आपुलकीने "खेळतो" म्हणून सांगे. मग लोक म्हणत, "ते झालंच. पण पोटापाण्याचं काय?"

मैदानावर प्लास्टिकचं गवत होतं. ते मऊ लागावं म्हणून त्यात जुन्या टायरांचा काळा चुरा भरलेला होता. त्यावर घसरलं की मांडीची साल निघे, म्हणून बचावपटूंनी उभ्या उभ्याच बचाव करायचा, अशी फर्नेसची परंपरा पडली होती. (जिच्याविरुद्ध तक्रार करून लोक थकलेले असतात, त्या गोष्टीला परंपरा म्हणतात.) तो चुरा बुटांतून, मोज्यांतून एमेटच्या घरी येई. त्याची बायको लॉरीन कपडे धुण्याचं यंत्र साफ करताना म्हणायची, "अजून दोन वर्षं खेळ रे बाबा. तुझ्या मोज्यांतून पाचवा टायर निघाला की बाबांच्या दुकानात पूर्ण संच विकायला ठेवू."

एमेटची इच्छा फार मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, आपल्या गावात, भरलेल्या मैदानात, खऱ्या गवतावर आपल्या नावाचा गजर ऐकायचा आणि मग बूट खुंटीला टांगायचे. गुडघा तसाही दर सकाळी जिना उतरताना सेवानिवृत्तीची आठवण करून देत होता.

खऱ्या गवताची मागणी खेळाडू दरवर्षी करत आणि व्यवस्थापन तिचा दरवर्षी सहानुभूतीपूर्वक विचार करी. अडचणी तांत्रिक होत्या. टोलेडोत हिवाळ्यात थंडी असते. उन्हाळ्यात ऊन असतं. मे महिन्यात मैदानावर राक्षसी चाकांच्या ट्रकांचा कार्यक्रम असतो. शिवाय खरं गवत वाढतं, आणि वाढणाऱ्या गोष्टीचं करायचं काय, याचा या क्लबला अनुभव नव्हता.

अशात एके दिवशी जनरल मॅनेजर ग्रेडी व्हॅनटासल याने एमेटला बोलावून घेतलं. ग्रेडी सज्जन गृहस्थ. पूर्वी तो गॅरेजची दारं विकायचा, आणि सॉकर हा धंदा मुळात तोच आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"एमेट, आनंदाची बातमी आहे, म्हणून आधी बस," ग्रेडी म्हणाला. "व्हाल्दोरा येतंय."

व्हाल्दोरा म्हणजे युरोपातला तो थोर क्लब, ज्याच्या खेळाडूंची तोंडं टोलेडोतल्या मुलांना स्वतःच्या मामांच्या तोंडांपेक्षा जास्त पाठ आहेत.

"कुठे येतंय?"

"कुठे म्हणजे? इथे! जुलैत. ऑरेलियोसकट!"

"आपल्याशी खेळायला?"

ग्रेडीने थोडा विचार केला. "आपल्या उपस्थितीत खेळायला," तो म्हणाला. "त्यांची एकच अट आहे. मैदानावर खरं गवत पाहिजे. आठवड्यात घालून घेतोय."

"बारा वर्षं आम्ही तेच मागतोय, ग्रेडी."

"तुम्ही मागत होतात रे. त्यांनी सांगितलं."

एमेटने विचारलं, "मग त्या आठवड्यातली आपली लीगची मॅच? माझी तीनशेवी आहे ती."

"ती हलवली. मंगळवारी दुपारी, शाळेच्या मैदानावर. मोकळी हवा आहे तिथे. तुला आवडेल."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं आपण म्हणतो. टोलेडोने एक पाऊल पुढे टाकलं. घोडं घरात राहावं म्हणून घरच्यांना गोठ्यात पाठवलं.

शेजारच्या इंडियाना राज्यातून ट्रक आले. चटईसारख्या गुंडाळलेल्या गवताच्या वळकट्या उतरल्या, प्लास्टिकवर पसरल्या, आणि भोवती पहारा बसला. पहारा फर्नेसच्या खेळाडूंपासून होता. सरावाला आलेल्या एमेटने कडेला वाकून बोटाने गवत चाचपून पाहिलं, तर पहारेकरी म्हणाला, "साहेब, बघायचं डोळ्यांनी." तिकडे शाळेच्या मैदानावर तीनशेवी मॅच यथासांग पार पडली. प्रेक्षकसंख्या समाधानकारक होती. (बीजगणितात नापास झाल्यामुळे उन्हाळी वर्गाला बसलेली मुलं खिडकीतून बघत होती, ती धरून.) फर्नेस जिंकलं. टाळ्या वाजल्या, मग गणिताच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

एमेटला मात्र एकाच आवाजाची उणीव जाणवली. मर्ल ऑस्टरहाउटच्या घंटेची. मर्ल हा काचकारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा. गायीच्या गळ्यातली भली मोठी घंटा घेऊन तो गोलामागे बसायचा आणि बर्फ पडो, गारा पडो, ओरडायचा, "सोबचाक, झोपलास का रे मेल्या!" बारा वर्षांत एमेटला गावाकडून मिळालेलं प्रेम ते एवढंच, आणि त्यावर त्याने निभावून नेलं होतं. घरी परतताना त्याला मर्ल भेटला. त्याच्या अंगात व्हाल्दोराचा जांभळा शर्ट होता आणि पाठीवर ऑरेलियोचं नाव.

"मर्ल, आज आला नाहीस?"

"अरे, रांगेत होतो ना सकाळपासून! हा शेवटचा शर्ट मिळाला बघ. लहान मापाचा आहे, पण श्वास जरा आवरता घेतला की बसतो." मग त्याला एकदम आठवलं. "आज तुझी मॅच होती का? कोणाशी?"

सामन्याआधी खेळाडूंना सूचना देण्यात आल्या. ऑरेलियोला मागून अडवू नये. बाजूने अडवू नये. समोरून अडवल्यास तो जाईपर्यंतच अडवावं. त्याच्या पायाशी चेंडू असताना त्याच्या पायांकडे रोखून बघू नये, तो संकोचतो. फर्नेसने गोल करण्यास हरकत नाही, मात्र तो कोणाच्या लक्षात येणार नाही अशा वेळी करावा. एका तरुण खेळाडूने हात वर करून विचारलं, "कोच, मग आम्ही करायचं काय?" कोच म्हणाले, "जागा भरायच्या. अकराला अकरा दिसले पाहिजेत."

आणि तो दिवस उजाडला. मैदान गच्च भरलं. एमेट मैदानावर उतरला आणि पहिल्यांदा पायाखाली ते गवत आलं. ओलसर, थंड, किंचित खाली दबणारं. त्याला इतका आनंद झाला की आजूबाजूचा सगळा समाज जांभळा आहे, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. फर्नेसच्या केशरी रंगाचे जे काही लोक दिसत होते, ते सरबत विकत होते. ध्वनिक्षेपकावर पाहुण्यांची नावं एकेक करून, आडनावांसकट, आळवून घेतली गेली. मग आवाज म्हणाला, "आणि यजमान संघ." झालं. पुढे गाणं लागलं.

ऑरेलियो उत्तरार्धात उतरला. लोक उभे राहिले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. दहा मिनिटं तो मैदानावर हिंडला आणि टोलेडो धन्य झालं. मग कोणीतरी त्याच्याकडे चेंडू दिला. तो डावीकडून निघाला आणि त्याच्या वाटेत एमेट सोबचाक आला.

खरं म्हणजे एमेटच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने सूचना पाठ केल्या होत्या. पण मनाचं वेगळं, पायांचं वेगळं. पायांना बारा वर्षांत पहिल्यांदा घसरायला जागा मिळाली होती. ते घसरले. लांब, सुरेख, गवतावर ओली रेघ ओढत एमेट गेला, चेंडूला नेमका स्पर्श केला, चेंडू बाहेर आणि ऑरेलियो जमिनीवर. त्याच्या उभ्या कारकिर्दीतली ती सर्वांत देखणी चाल होती.

मग सगळं मैदान एका आवाजात एमेटच्या नावाने ओरडलं. त्याची इच्छा शब्दशः पूर्ण झाली होती. गाव आपलं, मैदान भरलेलं, गवत खरं, नाव त्याचं, आणि मागे "हुर्यो" होती. गोलामागून ओळखीची घंटा वाजली. "सोबचाक, मेल्या, कोणाला पाडलंस!" मर्ल किंचाळत होता. "लाज नाही वाटत? आपल्या माणसाला पाडतोस?"

पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. ऑरेलियो हसत उठला, एमेटला हात दिला आणि म्हणाला, "चांगला टॅकल." तेवढं बोलून तो बाहेर गेला. (तो अकराच मिनिटं खेळणार, हे करारातच होतं. पण उरलेलं आयुष्य टोलेडो त्याचा दोष एमेटला देणार होतं.)

दुसऱ्या दिवशी क्लबने एमेटच्या नावे माफीनामा प्रसिद्ध केला. गवत उचललं, चौकोनी तुकडे केले आणि आठवण म्हणून विकले. ऑरेलियो जिथे पडला तो तुकडा मर्लने घेतला आणि अंगणात लावला. त्याभोवती छोटं कुंपण घातलं. रोज पाणी घालतो, कुत्र्याला जवळ फिरकू देत नाही. खाली पुन्हा प्लास्टिक उघडं पडलं आणि पुढच्या लीग मॅचला एमेट पुन्हा उभ्या उभ्या बचाव करू लागला. गोलामागे घंटा नव्हती. व्हाल्दोराची मॅच टीव्हीवर त्याच वेळी असते.

क्लबच्या अहवालानुसार दौऱ्यामुळे टोलेडोत सॉकरची गोडी दुप्पट वाढली. लोक आता इतकं उच्च दर्जाचं सॉकर बघतात की मैदानावर यायला त्यांना सवडच होत नाही.

"आपलं चुकलं कुठे, सांगू का?" ग्रेडी एमेटला म्हणाला. गॅरेजची दारं विकताना कमावलेली सगळी प्रज्ञा त्याच्या चेहऱ्यावर होती. "पिकतं तिथं विकत नाही. यजमानाला कोणी विचारत नाही, पाहुण्यालाच विचारतात. मग आपण यजमान राहायचंच कशाला? आपण पाहुणे होऊ."

"आपल्याला कोण बोलावणार, ग्रेडी?"

"जिथे आपली लीग कोणी पाहिलेली नाही, अशी पुष्कळ जागा आहे जगात."

होती. हुडकायला फार वेळ लागला नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच एक शहर. नाव सांगत नाही, सांगितलं की दुसऱ्या चार शहरांना वाईट वाटेल. तिथे चौकाचौकांत एमेटचं चित्र लागलं, दुमजली घराएवढं. खाली लिहिलं होतं, 'अमेरिकेचा पोलादी बचाव'. टायरच्या दुकानाचा कुठे उल्लेख नव्हता. तांबड्या मातीच्या मैदानावर खास गवताच्या वळकट्या आल्या. स्थानिक संघ बरीच वर्षं गवत मागत होता म्हणे, पण तांत्रिक अडचणी होत्या. त्यांची स्पर्धेतली मॅच तंत्रनिकेतनाच्या मैदानावर हलवण्यात आली.

एमेट उत्तरार्धात उतरला आणि चाळीस हजार लोक उभे राहिले. "सोब-चाक! सोब-चाक!" त्याला रडू आलं. गाव आपलं नव्हतं, पण माणसाने किती अटी घालाव्यात? तो गवतावरून चालत राहिला आणि गुडघा दुखायचा थांबला.

दहा मिनिटं झाली. मग कोणीतरी त्याच्याकडे चेंडू दिला, आणि वाटेत स्थानिक संघाचा कप्तान आला. यशोधन खराडे त्याचं नाव. सकाळी विजेच्या जळक्या मोटारी रिवाइंड करतो, संध्याकाळी सराव करतो. लोक त्याला विचारतात, "ते ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?" मातीवर खेळून त्याच्या कोपरांची साल कधी भरून आलेली नाही. त्याला सूचना पाठ होत्या. पण त्याच्या पायांना जन्मात पहिल्यांदा गवत मिळालं होतं.

तो घसरला. स्वच्छ, लांब, सुरेख. चेंडू बाहेर, एमेट जमिनीवर, आणि सगळ्या मैदानाची हुर्यो एका आवाजात.

एमेट पडल्या पडल्या त्या पोराकडे बघत राहिला. मग उठला, त्याला हात दिला आणि म्हणाला, "चांगला टॅकल." आणि दुभाष्याकडे वळून पुढे म्हणाला, "त्याला सांगा, उद्या माफी मागावी लागेल. मजकूर माझ्याकडे तयार आहे. फक्त नाव बदलायचं."

हे तुम्हाला ऐकू आलं नसणार. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, अंगात केशरी शर्ट होता, जरा लहान मापाचा, आणि तुम्ही खराडेच्या नावाने ओरडत होतात. रागावू नका. बाल्कनीतल्या कुंडीत तुम्ही तो गवताचा तुकडा लावलाय ना, त्याला पाणी घालत जा, उन्हाळा कडक आहे. आणि खराडेची पुढची मॅच येत्या मंगळवारी दुपारी आहे, तंत्रनिकेतनाच्या मैदानावर. प्रवेश फुकट आहे. पण मंगळवारी तुम्हाला जमायचं नाही.