कॉफीचा हात

हनुमंतरावांचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं लांब होता आणि त्यामागे शास्त्र होतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. तंजावरकडच्या मराठी घरातल्या त्यांच्या आजोबांनी कुंभकोणमात देवळासमोर कॉफी क्लब काढला आणि पितळी पेला उंच धरून खालच्या पसरट वाटीत, म्हणजे डवऱ्यात, कॉफी फेसाळण्यात जन्म घालवला. हात ताणला गेला. तो ताणलेला हात मुलाकडे आला, मुलानं आणखी ताणला आणि मग तो हनुमंतरावांकडे आला.

सून वसंता शाळेत जीवशास्त्र शिकवायची. हे ऐकताना तिला जीभ चावून गप्प बसावं लागे. जिराफानं मान ताणली आणि लांबलेली मान पिल्लांना मिळाली, ही लामार्कची जुनी कल्पना ती दर वर्षी फळ्यावर काढायची आणि दर वर्षी खोडायची. कमावलेलं अंग पोरांत उतरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या, तरी पिल्लं आपली शेपटीसकटच जन्मली. पण सासऱ्यांपुढे उंदीर सोडायची तिची छाती नव्हती.

रस्ता रुंद झाला तेव्हा क्लब गेला. राहिला तो पेला, डवरा आणि हनुमंतरावांचा हात. पोंगलनंतर त्यांचा खांदा धरला आणि हातही वर जाईना. तरी सकाळची कॉफी होती तशीच, वर बोटभर फेस घेऊन यायची.

"जानकीरामानं ओतली की काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

बँकेत मॅनेजर असलेला त्यांचा मुलगा जानकीराम घरात भांड्याला हात लावत नसे. पण वडिलांचा उजळलेला चेहरा पाहून तो "होय अप्पा" म्हणून मोकळा झाला. स्वयंपाकघरात पेला धुणाऱ्या वसंतानं ते ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

तिथंच चुकलं. शंकरनारायणन म्हणून क्लबातलं जुनं गिऱ्हाईक होतं, आता चेन्नईला मुलाकडे राहणारं. ऐंशी पुरी झाल्याच्या पूजेला ते गावी आले आणि म्हणाले, देवळात जायच्या आधी क्लबातली कॉफी एकदा प्यायचीय, पुन्हा येणं होईल न होईल. हनुमंतरावांनी शब्द देऊन टाकला. "माझा मुलगा ओतेल. तोच हात!"

जानकीरामाचा चेहरा उतरला. "वसंता, आज रात्री शिकव मला."

"खरं सांगून टाका ना!"

"आतां? अय्यो, अप्पांचा जीव जाईल!"

मुलाला पेला उचलताना पाहून हनुमंतरावांनी तो हातातून काढून घेतला. "तालीम नोको! तीन पिढ्यांनी तालीम केलीय, ती कोठें जाईल?"

रविवारी पाहुणे आले, तिरुभुवनमची नवी कोरी रेशमी वेष्टी धोतरासारखी नेसून. क्लबात व्हायचं तसं सगळं गिऱ्हाइकासमोर व्हावं म्हणून हनुमंतरावांनी दुधाचं पातेलं बैठकीतच स्टुलावर मांडलं होतं. जानकीरामानं देवाचं नाव घेऊन कॉफीचा पेला उंच नेला. धार निघाली ती डवऱ्याला वळसा घालून थेट वेष्टीवर. कॉफी निवली होती म्हणून निभावलं. पाहुणे दचकून उठले, त्यांचा धक्का स्टुलाला लागला आणि दूध जमिनीवर पसरलं. पातेल्याच्या तळाशी जेमतेम एका पेल्यापुरतं राहिलं. बाहेर पाहुण्यांचा गाडीवाला हॉर्न देत होता.

"असूं दे," पाहुणे तमिळमध्ये म्हणाले. पण त्यांची नजर त्या पातेल्यावरून हलत नव्हती.

हनुमंतराव मुलाच्या हाताकडे बघत राहिले. वसंतानं पदर खोचला, उरलेलं दूध गरम केलं, त्यात कॉफीचा काढा घातला आणि सगळ्यांसमोर पेला डोक्यावर नेला. धार सरळ उतरली, डवऱ्यात बसली, परत पेल्यात गेली. फेस बोटभर आला. शंकरनारायणननी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. पेला रिकामा करून ते डाग पडलेल्या वेष्टीनंच आनंदानं देवळात गेले.

 जानकीराम फडकं घेऊन दूध पुसायला बसला. "मामंजी," वसंता म्हणाली, "रोजची कॉफी मीच करत होते. चुकलं."

"रोज तूच?"

"होय."

हनुमंतरावांनी डवरा हातात घेऊन फिरवला. "मी ह्या घरचा नव्हे," ते म्हणाले. "तिरुवलंचुळीचा. लहानपणीं दत्तक आलों. आल्या दिवशीं रडत होतों, तेव्हां वडिलांनी भिंतीला उभा केला, दोनी हात मोजले. म्हणाले, बघा, उजवा लांब! हा आपलाच पोर."

जानकीरामाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वसंताला उंदीर, जिराफ, काही आठवेना. 

"ये, उभी रहा," ते भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले. "हात सोड खालीं."

वसंता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात अगदी सारखे होते. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात तिला लामार्कच खोडायचा होता. तिनं उजवा खांदा हळूच खाली सोडला.

"मामंजी, उजवा लांब आहे."

"आहे की!" हनुमंतराव म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "मीबी असाच वाकलों होतों."