लेखकाला आयुष्य असावे लागते

रहस्यकथा कोणालाही लिहिता येते. ती विकायची तर लेखकाला आयुष्य असावे लागते. हे सत्य आमच्या प्रकाशन संस्थेला फार लवकर उमगले. म्हणूनच आमच्या संपादन विभागात एक माणूस (अर्धवेळ) आणि परिचय विभागात चार माणसे (पूर्णवेळ, चहासह) आहेत. मी परिचय विभागाचा प्रमुख.

परिचय म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर, लेखकाच्या फोटोखाली असतो तो मजकूर. शंभरातले नव्वद वाचक पुस्तक हातात घेतल्याबरोबर पालथे करतात. उरलेल्या दहांना पुस्तक चुकून उलटेच मिळालेले असते. (ही आकडेवारी आमचीच असल्यामुळे विश्वसनीय आहे.) भयकथा लिहिणाऱ्याने शवागारात नोकरी केलेली असावी. पुढच्या शतकातल्या यंत्रांवर लिहिणारा मोठ्या प्रयोगशाळेतून काढून टाकलेला असावा. भुतांवर लिहिणाऱ्या बाईंची जुळी बहीण लहानपणीच गेलेली बरी. आमचे एक हेरकथाकार माजी खलाशी आहेत. मुळात ते विमा कार्यालयात होते आणि त्यांना होडीतही मळमळते, पण वाचकाला त्याचा त्रास होत नाही. मध्यंतरी शवागारात खरोखर नोकरी केलेले एक गृहस्थ आले होते. ते कोवळ्या प्रेमावर लिहीत. त्यांना आम्ही माळी केले.

मग एक बाई आल्या. त्या दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावत, आणि दुपारी डॉक्टर जेवायला गेले की रिकाम्या बाकांसमोर बसून लिहीत. त्यांची रहस्यकादंबरी आमच्या अर्धवेळ संपादकाने वाचली आणि तो दोन दिवस कामावर आला नाही. आल्यावर म्हणाला, "असं पुस्तक आपल्याकडे आलंच कसं?" त्याला पाणी देऊन मी बाईंना बोलावून घेतले.

"बालपण कसं गेलं?"

"बरं गेलं."

"आई-वडील?"

"आहेत. वडिलांना जरा कमी ऐकू येतं."

"घरात कोणी वेडं, फरार, निदान फटकून वागणारं?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "धाकटी जाऊ असते थोडी फटकून."

"आणि मिस्टर?"

"फ्रिज दुरुस्त करतात. स्वभावाने चांगले आहेत."

इतकी भयानक पार्श्वभूमी मी उभ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती. मालकांना सांगितले तर ते म्हणाले, "एक तर पुस्तक काढू नका, नाहीतर नवरा काढा." आम्ही नवरा काढला.

'लेखिकेचे पती एका सकाळी वर्तमानपत्र आणायला गेले ते परतले नाहीत. त्या अजून दोन कप चहा टाकतात.' शेजारी पतीचा फोटो. (आमच्या गोदामातल्या कारकुनाचा, मिशीसह.)

"पण ते घरी आहेत," बाई म्हणाल्या.

"असू देत. फक्त दारात उभे राहू नयेत."

नवरा खरेच चांगला निघाला. "बायकोचं पुस्तक निघतंय, तर थोडं हरवायला माझं काय जातं," म्हणाला. पुस्तक धो धो खपले. वाचक सांत्वनाला घरी येऊ लागले. सासूबाई सांगत, "अहो, तो आत जेवतोय." पाहुणे डोळे पुसत आणि एकमेकांना खुणावत, की माउलीच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवरा मागच्या जिन्याने ये-जा करू लागला. बायकोच्या सत्काराला जायची त्याला बंदीच होती. त्या दिवशी तो घरी बसून तिच्या साडीची इस्त्री तेवढी करून देई.

एकदा तो बाईंना म्हणाला, "जिन्यात दोघीजणी बोलत होत्या. म्हणे तिनेच मारलं असणार त्याला, आणि बरं केलं. मी भाजीची पिशवी घेऊन मागेच उभा. त्यांनी मला वाट दिली." एवढे बोलून तो बहिणीकडे राहायला निघून गेला.

परिचय अखेर खरा ठरला. विभागात जादा चहा झाला.

पुढच्या महिन्यात सभागृहात बाईंचा कार्यक्रम होता. कोणीतरी विचारले, "आजही वाट पाहता?" बाई "हो" म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खऱ्या रडल्या. टाळ्या थांबेनात. मग सह्यांसाठी रांग लागली. तेवढ्यात एक माणूस हत्यारांची पिशवी खांद्याला लावून थेट टेबलापाशी आला.

"मी यांचा नवरा."

"रांगेत या," पुढचे आजोबा म्हणाले. "या महिन्यातले तुम्ही तिसरे."

मागच्या काकूंनी पुस्तक पालथे करून फोटो पाहिला. "मिशी कुठंय?"

नवऱ्याने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. तो बाईंना म्हणाला, "चल घरी. मला तिकडे करमत नाही."

मी बाईंना बसायची खूण केली. त्या उठल्या आणि माइक हातात घेऊन म्हणाल्या, "हे माझे मिस्टर. हे कधी हरवले नव्हते. मी हरवू दिलं." मग त्याच्या खांद्यावरची पिशवी स्वतः घेतली, आणि दोघे मधल्या वाटेने चालते झाले.

रांगेतल्या निम्म्यांनी पुस्तके जागेवर परत केली. पुस्तक तीन वेळा वाचलेले एक गृहस्थ म्हणाले, "तरीच म्हटलं, लिखाणात दम नाही." आतला एक काना-मात्राही बदललेला नव्हता. बाई आता पुन्हा दुपारी दवाखान्यात लिहितात. दुसरे प्रकाशक त्यांना बोलावतात आणि बालपण कसे गेले ते विचारतात.

अशा वाचकांना आपण हसला असाल. हसावेच. आपण सुज्ञ आहात. नवरा परत आला तेव्हा आपल्याला बरेही वाटले असेल. मात्र त्या कादंबरीचे नाव काय, तिच्यात मेले कोण आणि मारले कोणी, हे आपण इथवर येईतो एकदाही विचारले नाहीत.

परिचय विभाग आपला आभारी आहे.