कारण : काही नाही

आमच्या सीवूड्सच्या घरात दर शनिवारी रजेचा अर्ज यायचा. अर्जदार माझी बायको, विजया. मंजुरी देणारा मी. आम्ही दोघे बेलापूरच्या एकाच सरकारी कार्यालयात. तिथली भाषा तिने घरी आणली. साहेबी मी आणली.

'उद्या संध्याकाळी पाच ते सहा घरकामातून रजा मिळावी. कारण : काही नाही.'

"काही नाही, हे कारण असतं का?"

"तुम्ही रोज आल्या आल्या पेपर उघडून बसता, त्याचं काय कारण असतं, साहेब?"

मी हसून लाल पेनाने शेरा मारायचो. 'नामंजूर. पाहुणे येणार.' नाहीतर, 'नामंजूर. डोशाचं पीठ वाटायचं आहे.' मग हे सोसायटीत रंगवून सांगायचो. ती अर्जाला भोकं पाडून तो फायलीला लावायची.

आता खरं सांगतो. ती माझ्याच बसने घरी यायची. मी पाय पसरायचो, ती कुकर लावायची. ऑफिसात तिची टिपणी कधी परत आली नाही. घरात तिचा एकही अर्ज पास झाला नाही.

गेल्या वर्षी माझ्यापाठोपाठ तीही निवृत्त झाली. दुसऱ्याच दिवशी पाचला तिने चपला घातल्या.

"अर्ज?" मी म्हणालो.

"आता मंजुरी लागत नाही."

तेव्हापासून ती रोज जवळच्या 'करावे' गावाच्या बाजूला, खाडीवर जाऊन बसते. मोबाइल नाही, निवडायला मेथी नाही. शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, "काकू, तिथे करता काय?"

"काही नाही. पण नीट करते."

आता त्या सूनबाईसुद्धा रविवारी नवऱ्याच्या हाती लाटणं देऊन खाडीवर जातात. माझी छाती फुगते. हे माझ्या बायकोचं काम!

परवा एक कागद शोधताना ती फाईल हाती लागली. प्रत्येक अर्जाखाली 'कृपया मागे पाहावे' असं लिहिलेलं. मी विषय वाचून शेरा मारणारा माणूस. कागद कधी उलटलाच नव्हता. मागे दर वेळी तीच ओळ : 'सोबत यजमानांनाही रजा मिळावी. खाडीवर दोघांनी बसायचे आहे.'

मी अर्ज लिहिला. 'आपल्या शेजारी बसण्यास परवानगी मिळावी. कारण : काही नाही.' तिने तो वाचला, उलटून मागेही पाहिलं. मग लाल पेन मागून घेतलं. 'अर्जदाराने स्वतः चहा करून आणल्यास मंजूर.'

काल थर्मास घेऊन गेलो. चहात साखरच नव्हती. तिने अख्खा कप संपवला आणि म्हणाली, "इकडे सरका, साहेब. तुमच्या डोळ्यांवर ऊन येतंय."