कफीलच्या बाजूने

आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत उस्मानभाई खोकल्याचं औषध देतात आणि वर फुकटचा निकालही देतात. "दोन चमचे, जेवणानंतर. आणि ती युनिव्हर्सिटी गद्दार आहे!"

कुठली युनिव्हर्सिटी? अमेरिकेतली! हा माणूस दापोलीकडचा, अर्धं आयुष्य इथे सौदीत, जेद्दात गेलं, अमेरिका कधी बघितलेली नाही. तिथला तो लांबट चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल तर त्यांना ओ की ठो कळत नाही. पण त्यातल्या कोर्टकचेरीचा विषय काढून बघा, तुमचा जेवणाचा डबा गार झालाच म्हणून समजा.

भांडण असं. तिकडे कॉलेजांच्या टीम ज्या संघटनेत खेळतात तिला कॉन्फरन्स म्हणतात म्हणे. या युनिव्हर्सिटीला ती सोडून दुसऱ्या, जास्त श्रीमंत कॉन्फरन्समध्ये जायचंय. जुनी कॉन्फरन्स म्हणते, करार आहे, जायचं तर भरपाई टाका, आणि तुमच्या सामन्यांचे टीव्हीचे हक्क आमच्याकडेच राहतील. झालं, दोघांनी एकमेकांवर दावे ठोकले. मला काही कळेना, तेव्हा उस्मानभाईंनी सोपं करून सांगितलं, "कॉन्फरन्स म्हणजे कफील गो बाय. कामगाराला फायनल एक्झिट पाहिजे, नि पासपोर्ट कफीलच्या कपाटात!"

कफील म्हणजे ज्याच्या सहीशिवाय आमचं इथे पान हलत नाही तो मालक; फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायची परवानगी, तीही त्याच्याच हातात. आता सांगा, इथे राबलेला कुठलाही माणूस कोणाची बाजू घेईल? उस्मानभाईंच्या पहिल्या कफीलने तर त्यांना वडिलांच्या मयतालाही वेळेवर सोडलं नव्हतं. आणि हे महाशय चक्क कफीलच्या बाजूने! "करार म्हणजे करार!" म्हणून काउंटरवर अशी थाप मारतात की गोळ्यांच्या पट्ट्या खाली पडतात. मग त्या मी, वॉर्डातल्या नर्सने, उचलायच्या.

राहतातही आमच्या शेजारीच. शुक्रवारी संध्याकाळी भिंतीतून अख्खा खटला ऐकू येतो, कारण फोन कायम स्पीकरवर. त्यांचा मुलगा इरफान त्याच युनिव्हर्सिटीत शिकतो. बाप कॉन्फरन्सचा वकील, मुलगा युनिव्हर्सिटीचा. "अब्बा, यू डोंट अंडरस्टँड!" असं पोरगं कावून ओरडलं की उस्मानभाई खुशीत येतात. "मग समजव ना! सांग, सांग!"

एकदा मी चिडून विचारलंच, "उस्मानभाई, तुम्ही आणि कफीलची बाजू घेता? कमाल आहे तुमची!"

ते हळूच म्हणाले, "पटतं गो मला पोराचं. शंभर टक्के पटतं. पण हो म्हटलं की तो 'ओके अब्बा' म्हणून फोन ठेवतो. त्याची अम्मी होती तोवर ती मधे असायची. त्याचं मला सांगायची, माझं त्याला. आता ती नाही, नि आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला येतच नाही."

मी वॉर्डाची औषधं उचलली आणि निघाले.

आणि गेल्या महिन्यात त्या खटल्यात समेट झाला. मोबाईलवर बातमी वाचली. शुक्रवारी मी आमचा टीव्ही बंद करून बसले.

"खलास, अब्बा! सेटल झालं! वुई वॉन!"

"समेट म्हणजे जिंकणं नाही," उस्मानभाई म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"इट्स ओव्हर, अब्बा."

"बरं. जेवलास?"

"हो."

"थंडी आहे?"

"आहे."

मग "ओके, अब्बा," आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एका म्हातारीला त्यांनी बाटली दिली. "दोन चमचे, जेवणानंतर." बस, एवढंच.

ती गेल्यावर त्यांनी मला हात करून बोलावलं.

"बाय, तुला मोबाईलवर शोधता येतं. त्या युनिव्हर्सिटीची दुसरी एखादी केस चालू आहे का बघ ना. कुठलीही चालेल. इरफान ज्या बाजूला असेल, मी त्याच्या समोरच्या बाजूला. शुक्रवारच्या आत मिळाली तर बरं होईल."