कळलावीचं जुनं नाव

दामूनानांच्या स्कूटरवर मागे बसून रोह्याहून पेणला जायचं, तर पोचायची घाई नसावी लागते. कुंपणात एखादं झाड दिसलं की नाना ब्रेक दाबतात आणि मागे वळून विचारतात, "हे कोण?" 'काय' नव्हे, 'कोण'! नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "असं नाव का पडलं?" उत्तर आल्याशिवाय स्कूटर हलत नाही.

नाना माझे शेजारी. कंपनीतून रिटायर झाले आणि झाडांच्या नावांमागे लागले. परवा एका बारशाला गेले, तर बाळाचं नाव राहिलं बाजूला, पाळण्याला बांधलेल्या पानांची चौकशी करत बसले.

श्रावणात त्यांच्या कुंपणावर कळलावीची वेल फुलते. लाल-पिवळी, जाळासारखी. यंदा समोरची शेवंता कोयता घेऊनच आली.

"नाना, तोडा ती. आमच्या घरात रोज भांडणं. कळ लावते, नावातच हाय!"

नाना कुंपणाला आडवे झाले. "तुमची भांडणं टीव्हीच्या रिमोटवरनं, हिचा काय संबंध? ही कळ भांडणाची नाय गो, बाळंतपणाची! अडलेल्या बाईला पूर्वी हिचा कंद उगाळून बाहेरनं लावायचे, कळा याव्यात म्हणून. पोटात गेला तर विष हाय. आणि हिचं जुनं नाव ठावं हाय? लांगली! लांगल म्हंजे नांगर. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून."

नानांची छाती अशी फुगली होती, जणू वेलीचं बारसं यांनीच केलं होतं. शेवंता पुटपुटत परत गेली.

"नाना, एका वेलीसाठी एवढं?" मी हसत म्हटलं.

नाना ओट्यावर बसले.

"आमच्या गागोद्याच्या घरात आई लग्न होऊन आली, आन् वर्साभरात चुलते वेगळे झाले. तवापासनं तिला सगळे कळलावी म्हणायचे. हाकच तशी मारायचे. मला लांगली हे जुनं नाव लायब्ररीतल्या कोशात सापडलं, तवर ती गेली होती. सांगायचं राहिलं."

नानांनी डोळे पुसले आणि मान ताठ केली.

"बाबा गेल्यावर शेत तिनंच केलं. बैलांमागं सोता उभी राहायची. तिच्याएवढं नांगराचं सरळ तास गावात कुणाचंच पडायचं नाय."