अधोलीवरची कानटोपी

माझे कान जरा मोठे आहेत, हे मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती तकलीफ नको. कळमनुरीच्या तहसील कचेरीत मी अहलकार, म्हणजे साधा कारकून. थंडीत हे कान असे बधिर होत, की साहेबांचं बोलणंही नीट ऐकू येत नसे (हा एक फायदाच होता म्हणा). माझे हाल पाहून शालूबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला एक कानटोपी विणून दिली. विणकाम ती शेजारच्या खतीजाबीकडून शिकली होती, पण ही टोपी तिच्या स्वतःच्या कल्पनेतली. कानांवर दोन पाकळ्या, हनुवटीखाली बंद आणि कपाळावर ज्वारीच्या कणसाची नक्षी.

टोपी झकास होती. मी ती घालून गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला वाटलं, हिचा नमुना पुण्याच्या एखाद्या स्त्रियांच्या मासिकात छापून आणावा.

"नाव माझं येईल का?" शालूबाईनं विचारलं.

"तर! सौ. शालूबाई किसनराव, कळमनुरी."

तिनं तोंड चुलीकडे वळवलं, पण ती हसत होती हे मला पाठीमागूनही कळलं.

"मग सांग, टाके किती घ्यायचे?"

"मला काय ठावं? अधोलीवर बसंल इतके."

"अधोलीवर?"

"तुमचं डोकं एका जागी ऱ्हातं का? अन् सुया लावलेली टोपी तुमच्या डोक्यावर चढवली तर डोळा फुटायचा. म्हून मी आपली अधोली पालथी घालते. तिच्यावर बराबर बसली, की तुमाला बराबर बसती."

अधोली म्हणजे धान्य मोजायचं अर्ध्या पायलीचं माप. आमच्या घरातली अधोली शालूबाईच्या माहेरची, आखाडा बाळापूरची. माझे सासरे दगडोबा यांचं तिथं धान्याचं दुकान आहे.

मी लेखणी घेऊन बसलो. कचेरीत हयात गेलेल्या माणसाच्या हातून जे उतरायचं तेच उतरलं. 'प्रथम लोकर सुईवर हजर करावी. सदरहू टाका सुलट घेऊन त्याचे शेजारील टाका उलट दाखल करावा. टोपी अधोलीवर बरोबर बसल्याची खात्री होताच काम निकाली काढावे.'

शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे टोपीचं हाय का जमीन जप्तीचं?"

पण पुणेकरांना ते आवडलं असावं, कारण मासिकात जसंच्या तसं छापून आलं. वर ठळक अक्षरात शालूबाईचं नाव! तिनं तो अंक सगळ्या आळीत फिरवला. आठवडाभर आमच्या भाजीत मीठ कधी दोनदा, कधी मुळीच नाही. मी तक्रार केली नाही. इतक्या खुशीत मी तिला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं (लग्नात तर ती रडतच होती).

मग संपादकबाईंचं कार्ड आलं. नमुना फार लोकप्रिय झाला आहे, परंतु टोप्या अतिशय मोठ्या होत आहेत. एका भगिनीच्या यजमानांच्या नाकाखाली टोपी उतरली व ते दारावर आपटले. तरी त्वरित खुलासा करावा.

शालूबाईचा चेहरा पडला. "साऱ्या पुण्यात माझं हसं झालं. आता आळीत काय तोंड दाखवू?"

"तू घाबरू नकोस," मी म्हणालो. "पुण्याची अधोलीच मोठी असणार. गाव तसं माप. मी सरकारी मापाशी ताडून दाखवतो." मला कुणी सांगितलं होतं ताडायला? पण बायकोचे डोळे भरून आले की माझी हुशारी उतू जाते.

आमची अधोली पिशवीत घालून मी कचेरीत गेलो. तिथं शिक्क्याची सरकारी अधोली असते. वसराम शिपायानं ज्वारी आणली. आमची अधोली मी काठोकाठ भरली आणि सरकारी अधोलीत ओतली.

"किसनराव, भरलीच न्हाई की!" वसराम म्हणाला.

खरंच, वर चांगली चार बोटं जागा रिकामी. म्हणजे दोष पुण्याचा नव्हता, टोपीचाही नव्हता, आमच्या अधोलीचा होता! कोडं सुटल्याच्या आनंदात माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तेवढ्यात मागून आवाज आला, "ये किस दुकान का माप है?" आमचे पेशकार, म्हणजे कचेरीतले वरचे साहेब, कादरसाहेब कधीचे मागं उभे होते.

मी छाती काढून म्हणालो, "हमारे ससुरे का, साहब! बाळापूर की मशहूर दुकान!"

वसरामनं ज्वारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पाय काढला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा.

"अच्छा," कादरसाहेब दाढी कुरवाळत म्हणाले. "तो अगले बाजार को बाळापूर जाते. सब मापां देखते."

घरी आल्यावर जे झालं त्यातलं छापण्याजोगं तेवढंच देतो.

"माझ्या बापाला भर कचेरीत चोर ठरवून आले! अन् वरून छाती काढून!"

"अगं, पण माप लहान आहे त्याला..."

"ते दुकानातलं न्हाईच! मला लहानपणी खेळायला दिलेलं हाय!"

(मापाच्या बुडाशी दुकानाचं नाव कोरलेलं होतं. मी तो विषय काढला नाही. मला दोन वेळा जेवावं लागतं.)

मग ती खरोखरच रडायला लागली. "बाबाच्या दुकानाला टाळं लागलं तर आईला काय सांगू? टोपी इणली म्हून झालं हे?" तेव्हा मात्र मला मनापासून वाईट वाटलं. सासरे गिऱ्हाइकाला हात आखडून मोजत असतील, पण माझ्या पानात वाढताना त्यांनी कधी हात आखडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कादरसाहेबांपुढं उभा राहिलो. "साहब, वो तो बच्चों का खिलौना था. असली अधोली घर पे है. टोपी उसी पे बुनी है और मुझे बराबर बैठती है."

"बराबर?" कादरसाहेब म्हणाले. "तो पेहन के आओ."

मधे जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी होती म्हणून निभावलं. शालूबाईनं खतीजाबीची पुऱ्या मापाची अधोली आणली आणि तिच्यावर नवी टोपी विणली. ती माझ्या हनुवटीपर्यंत आली. तेव्हा तिनं गोधडी उसवली आणि आत कापूस ठासला. शनिवारी मी मान न हलवता कचेरीत शिरलो.

कादरसाहेबांनी मला एक प्रदक्षिणा घातली. "इत्ता बडा सर था तुम्हारा? कभी दिखा नहीं."

"रुमी टोपी में दबा हुआ था, साहब," मी कचेरीतल्या रोजच्या लाल गोंडेदार टोपीवर ठपका ठेवला.

त्यांच्या मिशा हलल्या. "ठीक है. बाळापूर का काम पीछे देखेंगे. मगर ये टोपी रोज पेहनना. थंडी बहुत है."

उन्हाळा लागेपर्यंत मी ती टोपी घातली. डोकं खाजायचं आणि ऐकू तर काहीच यायचं नाही. इकडे सासऱ्यांनी दुकानातली सगळी मापं गुपचूप नवी करून घेतली, असं ऐकतो. बाळापूरच्या गिऱ्हाइकांनी खरं तर माझा सत्कार करायला हवा होता.

राहिला पुण्याचा खुलासा. तो शालूबाईनं सांगितला आणि मी निमूटपणे लिहिला. पुढच्या अंकात तो चौकटीत छापून आला.

कादरसाहेबांना कुठून तरी पत्ता लागला. त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांनी अंक मागवला, सगळी कचेरी गोळा केली आणि मलाच उभं राहून मोठ्यानं वाचायला लावलं. 'नमुन्यात व अधोलीत काहीही चूक नाही. सदर टोपी लेखिकेच्या यजमानांकरिता असून त्यांचे डोके पुऱ्या अधोलीएवढे आहे. सर्वसाधारण डोक्याच्या पुरुषांकरिता भगिनींनी टाके कमी घ्यावेत.'

कादरसाहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "इत्ते दिन मैं समझता था, किसनराव का सर छोटा है, काम की बात समाएगी कैसी? आज मालूम हुआ. माप तो पूरा है जी, भरनेवाले ने कम भरा!"

वसरामसकट सगळी कचेरी हसली. मी तणतणत घरी आलो आणि शालूबाईला शब्दन् शब्द सांगितला. ज्या नवऱ्यानं तिच्या बापासाठी एवढं सोसलं, त्याच्यासाठी तरी ती चिडेल, ही माझी अपेक्षा.

शालूबाई भाकरी थापता थापता थांबली. "कादरसाहेब मोठा पारखी माणूस हाय," ती म्हणाली. "तुमाला पाहायला आले तवा बाबा बी हेच म्हणले होते."